चांदणीच्या आकाराची विहीर

इंग्लंडात चार महिने राहून आले आणि लंडन पाहिलं नाही, हे ऐकून साताऱ्यातल्या आमच्या महिला मंडळाने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की मला अपराध्यासारखं झालं. "म्हणजे राणीचा राजवाडासुद्धा नाही?" नाही. लंडनचा मी विमानतळ पाहिला, तोही धावत. मी मनापासून पाहिली ती एक विहीर. ती इंग्लंडातसुद्धा नाही, शेजारच्या वेल्समध्ये आहे. तिथे जाऊन आले याबद्दल मी रोज कोणाचे ना कोणाचे मनातल्या मनात आभार मानते. न गेलेल्यांसाठी म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली. माझी धाकटी बहीण सुधा भूलतज्ज्ञ. लग्न होऊन नवऱ्याबरोबर मँचेस्टरला गेली आणि पंचवीस वर्षं तिथल्या एका मोठ्या इस्पितळात नोकरी केली. मेहुणे पाच वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर सुधाला मज्जारज्जूचा आजार जडला. हळूहळू पायांतली ताकद गेली. हात धड, डोकं पूर्वीपेक्षाही तल्लख, पण कमरेखाली शरीर तिचं ऐकेना. आधाराने मिनिटभर उभी राहील, तेवढंच.

पुण्याहून आमच्या दादाचं पत्र आलं. 'तिला आता तिकडे कोण आहे? तिची मुलगी नेहा आज ना उद्या लग्न करून जाईल. तू जा आणि सुधाला घेऊन ये. इकडे तुझं घर आहे, माणसं आहेत, दिवसभराची बाई मिळेल.' मलाही ते पटलं. १९९३ च्या एप्रिलमध्ये मी निघाले ती हे काम पदराला बांधूनच. सुधाला मात्र सांगितलं, सहज भेटायला येतेय.

मँचेस्टर

सुधाचं घर छोटंसं, लाल विटांचं, मागे चार गुलाब. स्वयंपाकघराच्या दारामागे तिची चाकांची खुर्ची घडी घालून ठेवलेली, आणि तिच्यावर चादर. मला आधी वाटलं, इस्त्रीची फळी असेल.

"वापरत नाहीस?" मी विचारलं.

"घरात वापरते कधीतरी. बाहेर नाही." सुधाने विषय संपवला.

बाहेर म्हणजे कुठेच नाही. शहरात नवी ट्राम सुरू झाली होती. नेहाने मला हौसेने तिच्यातून फिरवलं, सुधा घरीच. लायब्ररीतून पुस्तकं आणायला नेहा, किराण्याला नेहा आणि मी. इस्पितळाने तिला एक काम देऊ केलं होतं. ऑपरेशनच्या आधी पेशंटना बसून तपासायचं, त्यांना भूल झेपेल की नाही ते ठरवायचं, आठवड्यातून तीन सकाळी. तिने नकार कळवला होता.

"ताई, उद्या ज्याचं पोट कापायचंय त्या माणसाने खुर्चीतली डॉक्टर बघून काय समजायचं? इट्स नॉट फेअर ऑन देम."

दादाच्या पत्राचा विषय काढायला मला हे सगळं सोयीचंच होतं, तरी रोज जीभ अडखळायची.

मे महिन्यात सुधाची जुनी सहकारी, निवृत्त झालेली आयरिश नर्स, भेटायला आली. दर वर्षी ती होलीवेल नावाच्या गावी यात्रेला जाते. तिथल्या पवित्र विहिरीच्या पाण्याची बाटली तिने सुधासाठी आणली होती, आणि एक पोस्टकार्ड. सुधाने बाटली सभ्यपणे फडताळात ठेवून दिली. पोस्टकार्ड माझ्या हाती आलं. त्यावर विहिरीवरच्या दगडी छताचा फोटो होता. छत कसलं, दगडाचं विणकाम! चहा गार होईपर्यंत मी ते बघत बसले.

"मला हे बघायचंय," मी म्हटलं.

सुधा हसली. "अगं, तिथे आजारी माणसं बरी व्हायला जातात. कॅथलिकांचं मोठं तीर्थ आहे ते. मी डॉक्टर. मला लोक बघतील आणि वाटेल, ही पण आली नवसाला."

"तू बरी व्हायला येऊच नकोस. मला छत बघायचंय. तू मला सोबत म्हणून ये."

सोबत म्हटल्यावर तिला नाही म्हणता येईना. लहानपणी अंधाऱ्या जिन्यावर मी तिला सोबत करायची, त्याची परतफेड मागितल्यासारखं झालं. नेहाने चादर काढून खुर्ची गाडीच्या डिकीत टाकली, तेव्हा सुधा दुसरीकडे बघत होती.

पहिला दिवस: खाडीकाठी

मँचेस्टरहून दीड-दोन तासांचाच रस्ता. वेल्सची हद्द लागली की पाट्या दोन भाषांत होतात. वेल्श भाषेत होलीवेलला ट्रेफिन्नॉन म्हणतात, म्हणजे विहिरीचं गाव. आपल्याकडे वडगाव, पिंपळगाव असतं तसंच की! एकदम ओळखीचं वाटलं. उजव्या हाताला डी नदीची रुंद खाडी. ओहोटीमुळे मैलभर चिखल उघडा पडलेला, त्यावर पांढरे पक्षी. आणि डावीकडे टेकड्यांवर मेंढ्या. पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं इतकी फुलली होती, की हळदीने माखलेला डोंगर दिसावा.

आमच्या मुक्कामाची घरमालकीण मेगन साठीची, गोल चेहऱ्याची. जेवायची वेळ झाली तेव्हा माझ्यापुढे तिने ताट ठेवलं. बटाटे, वाटाणे आणि दोन भरदार सॉसेज. मी ताट हळूच पुढे सरकवलं.

"मावशी, हा शाकाहारी सॉसेज आहे. मी फोनवर सांगितली होती," नेहा म्हणाली. जन्म मँचेस्टरचा; मराठीतलं लिंग आणि तिचं कधी जमलं नाही, पण बोलते मनापासून.

सॉसेज आणि शाकाहारी? माझा विश्वास बसेना. मेगन आतून आली, तिने सुरीने सॉसेज उभा चिरला आणि मला आतलं दाखवलं. कांद्याच्या पातीसारखी हिरवी लीकची भाजी, चीज आणि पावाचा चुरा. इकडचा जुना पदार्थ म्हणे. मी एक तुकडा खाल्ला. पातीच्या कांद्याची भजी चीज घालून तळली तर काय लागेल, तसं लागलं. दोन्ही संपवले आणि तिसरा मागितला. मेगनने टाळी वाजवली. सुधाही हसली, बऱ्याच दिवसांनी मोठ्याने.

दुसरा दिवस: विनिफ्रेडची कथा

विहीर गावाबाहेरच्या उतारावर आहे. गाडी फाटकाशी थांबली आणि सुधा म्हणाली, "तुम्ही बघून या. मी इथेच बसते, पेपर वाचते." आदल्या दिवशीचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी आणि नेहा आत गेलो.

तिथे देखभाल करणारे मिस्टर प्राइस म्हणून एक वृद्ध गृहस्थ होते. माझ्या हातातली स्केचबुक बघून ते खूश झाले. कथा त्यांनीच सांगितली. तेराशे वर्षांपूर्वी विनिफ्रेड नावाची मुलगी इथे राहायची. तिने देवाला वाहून घ्यायचं ठरवलं होतं. एक सरदारपुत्र तिच्या मागे लागला. ती नाही म्हणाली, पळाली, तर त्याने तलवारीने तिचं डोकं उडवलं. डोकं जिथे पडलं तिथे झरा फुटला. तिचा मामा संत होता, त्याने डोकं धडाला लावून प्रार्थना केली आणि ती जिवंत झाली. पुढे पुष्कळ वर्षं जगली. गळ्याभोवती एक पांढरी रेघ तेवढी राहिली.

"खरी आहे का ही गोष्ट?" नेहाने विचारलं.

"झरा खरा आहे," मिस्टर प्राइस म्हणाले. "तो तर दिसतोच."

आपल्याकडेही झऱ्यांच्या, कुंडांच्या गोष्टी अशाच. कुणाचा तरी बाण लागलेला असतो, नाहीतर कुणाचे तरी अश्रू पडलेले असतात.

वास्तू बाहेरून दुमजली दिसते. टेकडीच्या पोटात शिरलेली. वर प्रार्थनामंदिर, खाली विहीर. खालच्या मजल्याला पुढून तीन कमानी, त्यांच्यासमोर उघड्यावर दगडी हौद. विहिरीचं पाणी आतून वाहत या हौदात येतं, आणि यात्रेकरू पायऱ्यांनी उतरून त्यात स्नान करतात. हौदाच्या तळाशी एक मोठा दगड आहे, त्यावर गुडघे टेकून प्रार्थना करायची. आम्ही गेलो तेव्हा एक आयरिश कुटुंब पाण्यात होतं. रस्त्यांची कामं करत कॅरॅव्हॅनमधून, म्हणजे चाकांवरच्या घरातून, देशभर फिरणारी माणसं. बाप चांगला सहा फुटी, लाल मानेचा. त्याचं नाव मायकल. त्याची बायको नोरा काठावर टॉवेल घेऊन उभी. पाण्याचा गारठा काठावरून जाणवत होता.

"मावशी, पाणी खूप थंडी आहे!" बोटं बुडवून नेहा ओरडली. नोराने तिला ओरडण्याबद्दल माफ केलं असावं, कारण ती हसली.

मग आम्ही कमानीखालून आत गेलो, आणि मी वर पाहिलं.

आमच्याकडे साताऱ्याजवळ लिंब गावात अष्टकोनी विहीर आहे. शाळेच्या सहली मी तिथे कितीतरी वेळा नेल्या. तिच्यात उतरताना आपण जमिनीच्या पोटात चाललो आहोत असं वाटतं. इथे उलटं आहे. विहीर पायाशी, लहानशी, चांदणीच्या आकाराची. तिचे कोन पुढे आलेले, आणि त्या कोनांतून बारीक खांब उगवलेले. खांब वर जातात, आणि झाडाला फांद्या फुटाव्या तशा प्रत्येकाला दगडी कमानींच्या शिरा फुटतात. त्या शिरा एकमेकींना भेटतात, ओलांडतात, पुन्हा फुटतात. जिथे जिथे भेटतात तिथे दगडाची एकेक गाठ, आणि प्रत्येक गाठीवर कोरीव काम. पानं, फुलं, सिंह, सरदार घराण्यांची चिन्हं, चेहरे. मधोमध एक मोठा दगडी लोलक खाली लोंबतो आहे, आपल्या मंदिरांच्या छतातल्या कमळासारखा. त्यावर विनिफ्रेडच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले. पाचशे वर्षांच्या ओलीने झिजून माणसांचे नुसते आकार उरलेत. खालून पाण्याचा उजेड वर फेकला जातो आणि छतावर थरथरतो. दगड हलल्यासारखा वाटतो.

मी बसले आणि काढायला लागले. तीन कागद फाडले. एका शिरेचा माग काढावा तर ती दुसरीत मिसळून जायची. आयुष्यभर मुलींना सांगितलं, आधी बांधणी बघा, नक्षी नंतर. इथे कळलं की ही नक्षी हीच बांधणी आहे. यातली एक शीर काढली तर छत खाली येईल.

काही मूर्तींची नाकं तुटलेली, एका कोनाड्यातली मूर्ती मूळची नव्हे, मागाहून बसवलेली. धर्मसुधारणेच्या काळात, म्हणजे राजाने कॅथलिक पंथ सोडला तेव्हा, इथल्या बऱ्याच गोष्टी फोडल्या गेल्या, असं मिस्टर प्राइसांनी सांगितलं. फुटक्या नाकाच्या मूर्ती मला नव्या नव्हत्या. "पण यात्रा एक वर्षही थांबली नाही," ते म्हणाले. भिंतींवर जिथे हात पोचेल तिथे नावांची आद्याक्षरं आणि सालं कोरलेली होती. मी मनात म्हटलं, इथेही बदाम-बाण काढणारे आहेत तर! पण ती वेगळी होती. बरे होऊन गेलेल्यांनी आभार म्हणून ती कोरली होती. पूर्वी लोक कुबड्याही इथेच ठेवून जात. आपण नवस फेडताना पाळणा बांधतो, तशाच.

वरच्या प्रार्थनामंदिराची किल्ली मिस्टर प्राइसांकडे होती. तिथे छत लाकडी, ओकच्या जाड तुळयांचं. आणि भिंतीच्या माथ्यावरून कोरीव प्राण्यांची एक रांग धावत होती. त्यातला एक प्राणी चक्क जीभ काढून दाखवत होता. देवळाच्या जोत्यावर हत्ती कोरता कोरता मध्येच एखादं खट्याळ माकड कोरणारा आपला पाथरवट आणि हा, दोघे भेटले असते तर त्यांना दुभाष्या लागला नसता.

दोन तासांनी गाडीपाशी आलो. सुधाचा पेपर पहिल्याच पानावर होता.

"कसं आहे?"

मी स्केचबुक उघडली. तिने फाटके कागदही निरखून पाहिले. लहानपणापासून माझ्या चित्रांतली चूक तिला पहिली दिसते. "ताई, हे काही लागत नाहीये. ही लाइन कुठून आली?"

"तेच तर कळत नाही मला."

तिने पेपरची घडी घातली. "खुर्ची काढ गं नेहा," ती म्हणाली.

हौदापर्यंत वाट सपाट होती. सुधा काठावर आली. नोराने तिला मान लववून नमस्कार केला. मायकलने ओल्या केसांनिशी विचारलं, "बाई पाण्यात उतरणार का? मी नेतो."

"नो, थँक यू," सुधा म्हणाली. इस्पितळातल्या आवाजात. पुढे पायऱ्या होत्या आणि तिथून छताची फक्त कड दिसत होती. ती कड बघून आम्ही परतलो.

तिसरा दिवस: मायकल

सकाळी मेगनने लोखंडी तव्यावर बेदाणे घातलेल्या छोट्या गोड भाकऱ्या भाजल्या, त्या पिशवीत बांधून घेऊन पुन्हा विहिरीवर गेलो. माझं चित्र अर्धं होतं. सुधा या वेळी न सांगता खुर्चीत बसली.

मायकलचं कुटुंब आजही होतं. ते लोक तीन दिवस ओळीने स्नान करतात. मी आत जाऊन चार रेघा काढायची आणि बाहेर येऊन सुधाला दाखवायची. ती म्हणायची, हे चूक. मी परत आत. असे माझे चार-पाच हेलपाटे नोराने पाहिले.

"त्यापेक्षा बाईंनाच आत नेऊ या ना," ती म्हणाली.

"मी तुमच्या धर्माची नाही," सुधा म्हणाली.

"पाण्याला काय कळतंय ते!" नोरा म्हणाली. "आणि तुम्हाला तर छत बघायचंय. छताला तर मुळीच काही कळत नाही."

मायकल खुर्चीपुढे पाठ करून गुडघ्यावर बसला. "माझ्या आईला मी बारा वर्षं आणत होतो. तुम्ही तिच्या निम्म्यासुद्धा भरणार नाही."

ज्या बाईने नवरा गेल्यावर कोणाच्या खांद्यावर डोकं ठेवलं नाही, ती एका अनोळखी माणसाच्या पाठीवर! सुधाने एकदा माझ्याकडे, एकदा नेहाकडे पाहिलं. मग दोन्ही हात पुढे करून त्याच्या गळ्यात टाकले. नेहाने पाय सावरले. मायकल उठला, पायऱ्या चढला, कमानीखालून आत गेला आणि थेट विहिरीच्या कडेला जाऊन उभा राहिला.

सुधाने मान मागे टाकली. वर पाहत राहिली. छतावरचा हलता उजेड तिच्या चेहऱ्यावर आला. "ओ ताई," एवढंच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग एकाएकी तिचा चेहरा बदलला. तिने मान खाली घेतली. उजव्या हाताची दोन बोटं मायकलच्या मानेवर सरकवली आणि ती स्तब्ध झाली.

"मला खाली ठेवा," ती म्हणाली. "आत्ता. लगेच."

आम्हाला वाटलं घाबरली. मायकलने तिला भिंतीलगतच्या दगडी बाकावर अलगद बसवलं. तो धापा टाकत होता. सुधाने त्याचं मनगट धरलं ते सोडेना. दुसऱ्या हातावरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

"हे असं किती दिवसांपासून?"

"काय असं?" मायकल हसला. "जिना चढलो, बाई. वय झालं."

"जिना नाही, पाच पायऱ्या होत्या. तुमच्या नाडीचा ठेका चुकतोय, आणि चुकण्यालाही ठेका नाही. इथे बसा. पाय दाखवा."

तो अनवाणीच होता. सुधाने वाकून त्याच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. मऊ कणकेत उमटावा तसा खळगा तिथे तसाच राहिला. मायकल अजून हसत होता, पण नोरा हसत नव्हती.

"ईस्टरपासून आडवा झोपत नाही तो," ती हळू आवाजात म्हणाली. "खुर्चीत बसून झोपतो. मी कितीदा म्हटलं डॉक्टरकडे चल. म्हणून तर यंदा विहिरीवर आणलं."

"विहीर राहू दे. हॉस्पिटलला जायचंय, आज, आत्ता," सुधा म्हणाली. "मिस्टर प्राइस, अँब्युलन्सला फोन करा. नेहा, त्यांना काय सांगायचं ते मी सांगते, नीट लिहून घे."

मायकल उठू लागला. "ठीक आहे, पण आधी तुम्हाला बाहेर सोडतो."

"तुम्ही आज पाण्याचा तांब्यासुद्धा उचलायचा नाही." हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी तिच्या घरी पाहिलेली सुधा ही नव्हे, हे मला त्या क्षणी कळलं. मायकल मुकाट्याने बसला. एवढा मोठा माणूस, मुलासारखा.

अँब्युलन्स यायला अर्धा तास लागला. तोवर तिने त्याचं मनगट सोडलं नाही. त्याच्याशी रस्त्यांविषयी, त्याच्या आईविषयी बोलत राहिली, आणि अधूनमधून घड्याळ बघत होती. दोन माणसं आली. सुधाने त्यांना चार वाक्यांत सगळं सांगितलं. त्यांनी "येस, डॉक्टर" म्हटलं आणि मायकलला त्यांच्या खुर्चीत घालून नेलं. नोरा मागे धावली. जाता जाता वळून सुधाच्या गालाला तिने ओला हात लावला.

आणि मग आमच्या लक्षात आलं की सुधा विहिरीपाशी आत आणि तिची खुर्ची बाहेर, मध्ये पायऱ्या, आणि उचलणारा माणूस तर इस्पितळाकडे निघालेला! नेहा आणि मिस्टर प्राइस मदत शोधायला गेले. आम्ही दोघी बहिणी त्या छताखाली राहिलो. मी पिशवीतून मेगनच्या भाकऱ्या काढल्या. भूक लागली होती, दोघींनाही.

खाता खाता सुधा म्हणाली, "ताई, ते बघितलंस?"

"काय?"

तिने बोट दाखवलं. खांबाच्या माथ्याशी, शिरा फुटतात त्याच्या खाली, तळहाताएवढं कोरीव काम. दोन दिवस मी तिथे बसले होते आणि चित्रकलेची शिक्षिका असून ते मला दिसलं नव्हतं, कारण मी सारखी मधल्या लोलकाकडे बघत होते. दगड फार झिजलेला. पण नीट पाहिल्यावर ओळखू आलं. एक माणूस वाकून चालला आहे. त्याच्या पाठीवर दुसरं माणूस आहे, गळ्यात हात टाकलेलं.

पाचशे वर्षांपूर्वी त्या पाथरवटाने इथे रोज जे पाहिलं असेल, तेच कोरून ठेवलं होतं. राजे, सरदार, सिंह आणि संत यांच्याच रांगेत. कोण नेत होतं आणि कोणाला, ते कळायला मार्ग नाही. चेहरे राहिलेले नाहीत.

मी ते कागदावर उतरवलं. त्या एकाच चित्रात सुधाने चूक काढली नाही.

तासाभराने गावातले दोन दणकट गडी आले आणि सुधाला बाहेर काढलं. त्यांच्या खांद्यावरून येताना ती त्यांना पायऱ्या नीट बघून उतरायला सांगत होती.

परतीची वाट

दुसऱ्या दिवशी सकाळी नोराचा मेगनकडे फोन आला. मायकलच्या फुप्फुसांत पाणी साठलं होतं. औषधं सुरू झाली, रात्री बऱ्याच दिवसांनी तो आडवा झोपला. तिथले डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. शेवटी नोराने विचारलं, बाईंचं नाव काय, प्रार्थनेत घ्यायचंय. मेगनने सुधाचं नाव तीन वेळा चुकीचं उच्चारून पाहिलं, मग सुधानेच फोन घेतला.

निघण्याआधी आम्ही पुन्हा विहिरीवर गेलो. मी हौदाच्या काठी बसून ओंजळभर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि हात जोडले. विनिफ्रेडला, त्या पाथरवटाला, नोराला. मिस्टर प्राइसही शेजारी टोपी काढून उभे राहिले.

गाडीत खाडी डाव्या हाताला असताना मी सगळं सांगून टाकलं. "सुधा, दादाने मला तुला न्यायला पाठवलंय."

"मला पहिल्या दिवशीच कळलं. तू माझ्या कपाटांची मापं नजरेने घेत होतीस. तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं, हे मला कोणी विचारलं नव्हतं. दादाने नाही, आणि मी स्वतःही नाही. "मला वाटत होतं, तुला माझी गरज आहे," मी म्हटलं. "खरं सांगू? साताऱ्याच्या घरात मी एकटी असते. संध्याकाळी दिवा लावला की बोलायला कोणी नसतं. मला तू हवी होतीस. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी."

सुधाने माझा हात हातात घेतला. नेहा पुढून म्हणाली, "मावशी, तर मग तूच दर वर्षी ये ना. तुझा खोली मी रेडी ठेवीन."

मँचेस्टरला पोचल्यावर सुधाने बॅगा उघडायच्या आधी इस्पितळात फोन केला. ते तीन सकाळींचं काम अजून रिकामं आहे का, विचारलं. होतं. जूनमध्ये ती रुजू झाली. पहिल्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ तिच्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "बरं झालं, तुम्हाला तरी कळेल मला काय होतंय ते." हे तिने घरी येऊन मला दोनदा सांगितलं. दादाला मी लांबलचक पत्र लिहिलं. त्याला ते पटलं नाही, पण नंतर त्याने सुधाला स्वतः फोन केला आणि दोघं अर्धा तास बोलली.

ऑगस्टमध्ये मी निघाले. विमानतळावर मला पोचवायला नेहा आली. सुधा येऊ शकली नाही. त्या सकाळी तिचे नऊ पेशंट होते.